मोगऱ्यावर कात्री चालवा

उन्हाळा लागला की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते: नर्सरीतून आणला तेव्हा मोगरा कळ्यांनी लगडलेला होता, आता नुसता पाला. मग कोणी खताचा हात सैल सोडतो, कोणी दोन वेळा पाणी घालतो, कोणी चहाचा चोथा कुंडीत ओततो. माझ्या मते या मायेनेच मोगरा बिघडतो. आपल्या कुंड्यांमध्ये उणीव असते ती बहुतेकदा खताची नसते. छाटणी होत नाही आणि हिवाळ्यात झाडाला ताण मिळत नाही, हे खरं दुखणं आहे.

मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर. जुनी, लाकडासारखी झालेली काडी कितीही जोमदार दिसली तरी तिच्यावर थेट कळी येत नाही. तिच्यातून कोवळा फुटवा निघावा लागतो आणि त्याच्या शेंड्यावर कळ्यांचा झुपका धरतो. बहुधा तीन कळ्या असतात आणि मधली आधी उमलते. म्हणजे जितके फुटवे जास्त, तितके झुपके जास्त. फांदीचा शेंडा खुडला की खालच्या पेरांवरचे डोळे जागे होतात आणि एका काडीच्या दोन-तीन होतात. ज्यांचं पोट मोगऱ्यावर आहे त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तमिळनाडूत, जिथल्या मदुराई मल्लीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तिथे नोव्हेंबरअखेर झुडपं जमिनीपासून सुमारे 50 सेंटीमीटरवर छाटतात. शेतकरी हातातोंडाशी आलेलं झाड उगाच कापणार नाही. नागपूरकडे संत्र्याच्या आंबिया बहरासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात, त्यामागेही हाच विचार आहे. वाढ थांबली, झाड विसावलं, की पुढचा बहर जोरात येतो. उलट बाराही महिने पाणी आणि नत्राचं खत मिळालं तर झाडाला फुलायची गरजच उरत नाही, ते पानांतच रमतं. युरियाची चिमूट टाकल्यावर दिसणारी ती काळपट हिरवी, मोठाली पानं आरोग्याची खूण वाटतात, पण फुलांच्या दृष्टीने तो तोटाच.

हिरवंगार झाड कापायला हात धजावत नाही, असं बरेच जण म्हणतात. ही भावना मी हलकी मानत नाही, पण मोगरा हे काटक झुडूप आहे. वाळक्या, बारीक काड्या मुळापासून आणि उरलेल्या एक तृतीयांश ते निम्म्या काढल्या, तरी थंडी ओसरताच तो पुन्हा भरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शेतातल्या जमिनीत खाली ओल असते, कुंडीतलं झाड ताणाने मरेल. बरोबर आहे, म्हणून कुंडीत पाणी पूर्ण तोडू नये. वरची दोन बोटं माती कोरडी होऊन पानं जराशी मलूल दिसली की थोडं पाणी द्यावं, एवढंच. आणि ज्यांच्या गॅलरीत पाच-सहा तास थेट ऊन येत नाही, त्यांना मात्र छाटणीनेही फुलं मिळणार नाहीत. तिथे हट्टाने मोगरा लावण्यापेक्षा अर्धसावलीत निभावणारा अनंत लावावा. उंच इमारतींच्या दाटीत राहणाऱ्यांना हे कटू वाटेल, पण नर्सरीवाल्याने हे विकतानाच सांगायला हवं.

तेव्हा डिसेंबरमध्ये पाणी आवरतं घ्या, जानेवारीत धारदार कात्रीने छाटणी करा, वरची माती उकरून कुजलेलं शेणखत घाला आणि नवी फूट दिसू लागली की पाणी हळूहळू वाढवा. पहिला बहर सरला की वाळलेले झुपके दोन पानांसह खुडा, म्हणजे पावसाळ्याआधी पुन्हा कळ्या धरतील. खताची नवी पिशवी आणण्याआधी निदान एक हिवाळा एवढं करून पाहा.