समुद्राच्या पाण्यातील तांबे: बातमीतला आकडा कसा वाचावा?

खाडीच्या किंवा बंदराच्या पाण्यात तांबे मर्यादेपेक्षा जास्त सापडले अशी बातमी आली की रुग्णांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, आता मासे बंद करायचे का?" बहुतेकांसाठी उत्तर 'नाही' असे आहे. विल्सन आजाराच्या आणि यकृताचा जुना आजार असलेल्या रुग्णांसाठी मात्र ते थोडे वेगळे आहे.

आधी मर्यादेविषयी. अमेरिकेत समुद्राच्या पाण्यातील विरघळलेल्या तांब्याची दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे ३.१ मायक्रोग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते असे सांगितले आहे, म्हणजे सहाशे पटींहून जास्त! समुद्रातील मर्यादा आपल्यासाठी नसून शिंपल्या-कालवांच्या नाजूक पिल्लांसाठी आहे. सॅन डिएगो येथील शेल्टर आयलंडच्या नौकातळावर बोटींच्या तळाला लावलेल्या रंगातून तांबे पाझरत असल्यामुळे २००५ साली ते ७६ टक्क्यांनी कमी करण्याचे ठरले. बोटीला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून हा रंग लावतात.

पण एकूण तांबे म्हणजे विषारी तांबे नव्हे. पालापाचोळा, शेवाळ आणि सांडपाणी यांतून आलेले विरघळलेले सेंद्रिय पदार्थ तांब्याला घट्ट धरून ठेवतात. स्वच्छ समुद्रात विरघळलेल्या तांब्यापैकी ९९ टक्क्यांहून अधिक असे बांधलेले असते. पिल्लांना मुख्यतः मारते ते उरलेले मोकळे तांबे. विल्सनच्या रुग्णांना हे पटकन समजेल. त्यांच्या रक्तातील एकूण तांबे अनेकदा कमी दिसते, पण सेरुलोप्लाझमिन या प्रथिनाला न बांधलेले तांबे वाढलेले असते आणि इजा तेच करते. रक्ताचा रिपोर्ट जसा एका आकड्यावर वाचत नाहीत, तसाच पाण्याचाही वाचू नये.

यावरूनच नियमांचा वाद आहे. गढूळ, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या खाडीला आणि नितळ पाण्याला एकच मर्यादा का? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यासाठी २००७ मध्ये हा फरक धरणारी पद्धत स्वीकारली आणि २०१६ मध्ये खाऱ्या पाण्यासाठी तसाच मसुदा काढला. शास्त्र म्हणून हे योग्यच आहे. मात्र "सेंद्रिय पदार्थ आहेत, मग तांबे सोडायला हरकत नाही" हा अर्थ त्यातून काढणे मला धोक्याचे वाटते. बांधून ठेवण्याची क्षमता मर्यादित असते. ती भरली की पुढचे थोडेसे तांबेही मोकळे राहते आणि विषारीपणा एकदम वाढतो. शिवाय हे सेंद्रिय पदार्थ सांडपाण्यातून आले असतील, तर त्याबरोबर हिपॅटायटिस ए चे विषाणूही येतात.

आता खाण्याकडे येऊ. कालवे पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे गाळाच्या आणि अन्नाच्या कणांना चिकटलेले तांबेही त्यांच्या पोटात जाते आणि शरीरात साठते. तैवानच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये कालवे चक्क हिरवी झाली होती. भंगारातून धातू काढण्याच्या धंद्याचे सांडपाणी नदीवाटे समुद्रात येत होते. शिजवल्याने तांबे जात नाही. मात्र पाऱ्याप्रमाणे तांबे लहान माशातून मोठ्या माशात वाढत जात नाही. पापलेट, बांगडा यांच्या मांसात ते कमीच असते.

त्यामुळे ज्यांची प्रकृती ठीक आहे त्यांनी मासे सोडण्याचे कारण नाही. कालवे आणि शिंपले शहराच्या नाल्याजवळची घेऊ नयेत आणि नीट शिजवूनच खावीत. यकृताचा जुना आजार असलेल्यांनी कच्ची कालवे अजिबात खाऊ नयेत, कारण त्यांतील व्हिब्रिओ जिवाणूंचा संसर्ग त्यांच्या जिवावर बेतू शकतो. विल्सनच्या रुग्णांनी कालवे, शिंपले आणि कलेजी टाळावी, विशेषतः उपचाराच्या पहिल्या वर्षात, मग ती कितीही स्वच्छ किनाऱ्यावरची असोत. पथ्य पाळतो म्हणून पेनिसिलामाइन, ट्रायेंटिन किंवा झिंक स्वतःहून कमी करू नये. मात्रा बदलायची असेल तर ती लघवीतील तांब्याची तपासणी पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील.