खोक्यातला खेळ आणि झाकणावरचे नाव

खेळाच्या एका खोक्यात कायद्याच्या दृष्टीने तीन निरनिराळ्या गोष्टी असतात: खेळण्याची पद्धत, ती सांगणारा मजकूर व चित्रे, आणि झाकणावरचे नाव. पहिली गोष्ट कॉपीराइट आणि ट्रेडमार्क या दोन्ही कायद्यांच्या हाती लागत नाही. दुसरीला कॉपीराइट लागू होतो, तिसरीला ट्रेडमार्क. ‘गेमचं कॉपीराइट घेतलंय’ या व्यवसायातल्या नेहमीच्या वाक्यात मात्र तिन्ही एकत्र कोंबल्या जातात, आणि वादाला तोंड तिथेच फुटते.

कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर काढायची नाही, हा नियम कोणीही वापरावा. तो समजावणारा परिच्छेद मात्र जसाच्या तसा उचलता येत नाही. पत्त्यांवरची चित्रे आणि संगणकावरच्या खेळाचा कोड यांनाही हेच संरक्षण आहे. भारतीय कायदा कोडला साहित्यकृतीच मानतो.

हा फरक भारतात सर्वांत स्वच्छ दिसला तो ‘स्क्रॅब्युलस’च्या खटल्यात. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी स्क्रॅबलसारखा शब्दखेळ या नावाने आणला आणि फेसबुकवर तो तुफान चालला. मॅटेल कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दोन्ही हक्क पुढे केले. सप्टेंबर २००८च्या अंतरिम आदेशात दोन्हींची वाट वेगळी झाली. स्क्रॅबलचा पट १५ बाय १५, म्हणजे २२५ घरांचा. कुठल्या घरात अक्षराचे गुण दुप्पट होतात आणि कुठल्या घरात शब्दाचे तिप्पट, हे घराच्या रंगावरून कळते. हे रंग निव्वळ सजावट नाहीत, ते नियमच सांगतात. आणि असा नियम दाखवण्याच्या रीती मोजक्याच असतील, तर मांडणी नियमातच विरघळते. म्हणून पटावरचा कॉपीराइटचा दावा प्रथमदर्शनी टिकला नाही. नावाबाबत मात्र न्यायालयाने हात आखडता घेतला नाही: ‘स्क्रॅब्युलस’ हे ‘स्क्रॅबल’शी फसवे साम्य असलेले नाव ठरले आणि त्याच्या वापराला मनाई झाली. खेळ पुढे ‘लेक्स्युलस’ नावाने चालू राहिला.

ट्रेडमार्क देशागणिक वेगळा असतो, हेही याच खेळात दिसते. अमेरिका आणि कॅनडात ‘स्क्रॅबल’ हे नाव हॅस्ब्रोचे, इतरत्र मॅटेलचे. उलट आपल्याकडे ‘व्यापार’ किंवा ‘बिझनेस’ नावाची खोकी अनेक उत्पादक विकतात, कारण खेळात जे करायचे तेच नावात सांगितलेले आहे. अशा वर्णनपर शब्दावर मक्तेदारी सांगणे अवघड. मालाशी संबंध नसलेले, थोडे विचित्रसे नाव विक्री विभागाला पटत नाही, पण कायद्यात तेच भक्कम ठरते.

मुदतीतही फरक आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची, पण नूतनीकरण करत राहिल्यास तिला अंत नाही. मात्र नाव सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापराविना पडून राहिले, तर नोंदणी रद्द करण्याची मागणी होऊ शकते. कॉपीराइटला नोंदणीची सक्ती नाही, तो कृतीबरोबरच जन्मतो. ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते: पटावरचे खेळ वर्ग २८मध्ये, सॉफ्टवेअर वर्ग ९मध्ये. खोक्यासाठी नोंदवलेले नाव अ‍ॅपसाठी आपोआप नोंदवले जात नाही.

परवानाही दोन्ही हक्कांचा स्वतंत्रपणे द्यावा लागतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालकांनी जानेवारी २०२३मध्ये मूळ नियमांचा संदर्भ-मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. तो कोणीही छापू शकतो. खेळाचे नाव आणि बोधचिन्ह मात्र त्यात आले नाही.

प्रकाशकांच्या हातून सर्वाधिक निसटणारी गोष्ट करारातली आहे. नियमपुस्तिका बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतली, तर एरवी पहिला मालक लेखकच. हक्क लेखी हस्तांतरित करून घेतले, पण मुदत लिहायची राहिली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर हस्तांतरण भारतापुरतेच.