हिमशिखराच्या वाटेवर सहकुटुंब

खानदेशाला थंडी अपरिचित नाही. पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला की रावेर-यावल पट्ट्यातील केळी बागायतदारांची झोप उडते आणि बागांच्या कडेने रात्री शेकोट्या पेटवून धूर धरला जातो. सातपुड्यात तोरणमाळ, डाब या बाजूला एखाद्या हिवाळ्यात पहाटे गवतावरचे दव गोठते, आणि मग सातपुड्यात बर्फ पडल्याची वार्ता गावोगाव पसरते. परंतु ते गोठलेले दव असते, आकाशातून पडलेले हिम नव्हे. आपल्या राज्यातील सर्वोच्च शिखर जे कळसूबाई, त्याची उंची अवघी १,६४६ मीटर. तेथेही हिमवर्षाव होत नाही. तेव्हा बर्फ पाहावयाचे तर जळगाव किंवा भुसावळच्या फलाटावरून उत्तरेकडे जाणारी गाडी धरावयाची, हाच आपल्याकडील कुटुंबांचा मार्ग होय.

या प्रवासाचे स्वरूप अलीकडे पालटले आहे. मागची पिढी उन्हाळ्यात बद्री-केदारला जात असे. त्यानंतरच्यांनी मनालीला जाऊन भाड्याचा कोट आणि भाड्याचे गमबूट घालून, बर्फाचा गोळा हाती धरून छायाचित्र काढून घेतले. आता मात्र नाताळच्या सुटीत मुलाबाळांसह पाठीवर पिशव्या घेऊन बर्फातून शिखर चढावयास निघालेली मराठी कुटुंबे दिसतात. उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकंठा हे त्यांचे आवडते शिखर. (केदारनाथाशी त्याची गल्लत करू नये, ती जागा निराळी.) डेहराडूनहून सुमारे दोनशे किलोमीटर मोटारीने सांकरी या गावी पोहोचावयाचे, तेथून देवदार आणि चीडच्या रानातून चढत दोन मुक्काम करावयाचे आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून सुमारे १२,५०० फुटांचा माथा गाठावयाचा. भर हिवाळ्यात सामान्य प्रकृतीच्या माणसाला चढता येईल अशी जी थोडी हिमशिखरे आहेत, त्यांत याची गणना होते.

या नव्या हौसेला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्यांनी बर्फात कडमडण्याचे कारण काय, असे ते विचारतात. मला हा आक्षेप मान्य नाही. घरात बाप शहाणा आणि मूल अडाणी, ही वाटणी कायमची ठरून गेलेली असते. बर्फावर ती मोडते. तेथे दोघेही सारखेच नवखे. कित्येकदा मूल आधी तोल सावरते आणि बापाला हात देते. हा अनुभव कोणत्याही सहलीत विकत मिळत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कुटुंब घेऊन हिमशिखराकडे निघालेल्या माणसाची पर्वताविषयीची समजूत काय असते? ती बहुधा चुकीची असते, असे मी स्वानुभवावरून म्हणतो.

काही वर्षांपूर्वी मी, पत्नी, नववीतील मुलगी आणि पाचवीतील मुलगा असे चौघे याच वाटेने गेलो होतो. पहिला दिवस आनंदात गेला. जुडा का तालाब या गोठलेल्या तळ्याकाठी मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, अकरा हजार फुटांवरील तळावर, मुलाने डोके दुखत असल्याचे सांगितले आणि ताट बाजूस सारले. पहाटे तीनला उठवले तेव्हा तो बुटाचे बंद बांधीत नुसताच बसून राहिला. मी म्हणालो, “चालू लागलास की बरे वाटेल.” शिक्षकाच्या तोंडचे हे नेहमीचे वाक्य आहे, आणि वर्गात ते पुष्कळदा खरेही ठरते. आमच्याबरोबर सांकरीचा जो तरुण वाटाड्या होता, त्याने मला उत्तर दिले नाही. मुलाने काल सायंकाळपासून काही खाल्लेले नाही, एवढेच तो पत्नीकडे पाहून म्हणाला. त्यावर पत्नी मला म्हणाली, “तुम्ही आणि ताई वर जा हवे तर. मी याला घेऊन खाली जाते.”

मी रागावलो, हे कबूल करतो. सहा महिने साठवलेला पैसा, मिनतवारीने मिळवलेली रजा, मुलीने शाळेत सर्वांना सांगून ठेवलेले, आणि शिखर उण्यापुऱ्या बाराशे फुटांवर. पण अंधारात कुटुंबाचे दोन तुकडे करण्याचे धैर्य मला झाले नाही. उजाडल्यावर आम्ही चौघेही उतरलो. सायंकाळी सांकरीत मुलाने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. घरी परतल्यावर सहकाऱ्यांनी विचारले, “शिखर झाले का?” तेव्हा हवामान बिघडल्याचे मी पहिला आठवडाभर सर्वांना सांगत होतो. हवामान वस्तुतः निरभ्र होते. बिघडलेले काही असेल तर ते माझ्या बुद्धीत होते.

ही शरम येते कोठून, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. हिमाच्छादित पर्वत चढणाऱ्या कुटुंबाची आपल्याकडील सर्वांत जुनी कथा महाभारतातील महाप्रस्थानिक पर्वात आहे. पाच भाऊ आणि त्यांची पत्नी निघतात. प्रथम द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. भीमाने विचारले की प्रत्येकाच्या पडण्याचे कारण तेवढे तो सांगतो, आणि चालू लागतो. तोच युधिष्ठिर पुढे एका कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दाराशी अडून बसतो, ही गोष्ट निराळी. ती कथा देहत्यागाची आहे. मोक्षमार्गावर तिचा अर्थ गहन असेल. परंतु नाताळच्या सुटीत निघालेल्या गृहस्थाने तिच्यातून ‘मागे वळावयाचे नाही’ एवढेच उचलले, तर त्याच्यासारखा घातकी माणूस नाही. आणि गंमत अशी, की केदारकंठ्याच्या परिसरातून जे स्वर्गारोहिणी शिखर दिसते, त्याला लोक पांडवांच्या त्याच वाटेवरचे मानतात.

पर्वतावर शरीराचे काय होते, हे मात्र गहन नाही. साडेबारा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. सुमारे अडीच हजार मीटरनंतर डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर आणि न जाणारा थकवा ही उंचीच्या विकाराची लक्षणे कोणालाही जाणवू शकतात; व्यायामाने कमावलेल्या शरीरालाही त्यापासून अभय नाही. लक्षणे दिसली तर आणखी वर जावयाचे नाही, आणि ती वाढली तर खाली उतरावयाचे, हा नियम जगभरच्या डॉक्टरांचा आहे. लहान मुलाला आपल्याला काय होते आहे हे नीट सांगता येत नाही. ते नुसते चिडचिडे होते किंवा गप्प बसते. शिवाय वजनाच्या मानाने त्याची त्वचा अधिक, म्हणून ते लवकर गारठते.

कपड्यांच्या बाबतीत तर आम्हा खानदेशी माणसांची पंचाईतच आहे. कापूस हे आमचे पीक, आमचे भांडवल, आमचा अभिमान. बर्फात मात्र सुती बनियन शत्रू ठरते. चढताना ते घामाने भिजते, ओल धरून ठेवते आणि थांबताक्षणी अंगावर बर्फासारखे होते. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. सुती मोजे घालून बर्फात गेलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईबापांपाशी महागडे कॅमेरे होते.

थंडी काय करू शकते, हे २०२४ च्या जून महिन्यात उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर दिसले. कर्नाटकातून आलेल्या पथकातील नऊ जण हिमवादळात सापडून दगावले. महिना जूनचा होता, हिवाळ्याचा नव्हे. एवढ्याने हिमालय वर्ज्य करा असे मी म्हणणार नाही. तथापि शिखराचा पुरा अनुभव पदरी असलेल्यांनाही जेथे दैव साथ देत नाही, तेथे पाचवीतल्या मुलाला घेऊन जाणाऱ्याने किती अंतर राखून वागावे, याचा अदमास त्यावरून घ्यावा.

हे वागणे शिकण्यास हिमालयात जावे लागत नाही. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला आहे, पाटणादेवीच्या रानातला कण्हेरगड आहे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबारमध्ये गेलेल्या सातपुड्यात तर अस्तंभा हे सुमारे १,३२५ मीटरचे शिखर आहे. अश्वत्थामा तेथे जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारो आदिवासी भाविक जथ्याजथ्याने ते चढतात. हातात ना नकाशा, ना महागडे बूट. पण आपल्याबरोबर कोण निघाले होते याची खबर प्रत्येकाला असते. आपल्या शहरी शाळांच्या सहली मात्र पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या उद्यानांकडे जातात. निदान एक हिवाळी सहल पहाटेच्या थंडीत, डोंगरावर, पायी काढली तर मुलांना दमणे आणि थांबणे या दोन्ही गोष्टी सांगावयास लाज वाटणार नाही.

आम्ही पुन्हा केदारकंठ्याला गेलो नाही, जाणार आहोत. दरम्यान दर हिवाळ्यात आम्ही चौघे सातपुड्यात एखादा मुक्काम करतो. निघण्यापूर्वी आदल्या रात्री परत फिरण्याची वेळ ठरते, आणि ती ठरविण्याचा हक्क सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो. मागील हिवाळ्यात तोरणमाळला जाताना बारावीत गेलेल्या चिरंजीवांनी माझ्या गुडघ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “बाबा, या वेळी वेळ तुम्ही सांगा.”