आपल्या दुखण्याची मोजदाद होऊ द्या

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बंधू-भगिनींनो,

आईच्या आजारपणाच्या कागदांची पिशवी आमच्या घरात अजून खुंटीला आहे. साडीच्या दुकानातली, पिवळी, एक बंद तुटलेली. आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यातलं, नांदेडच्या बाजूचं, म्हणून आधी नांदेड केलं, मग लातूर आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून हैदराबाद. एका कागदावर आईचं माहेरचं नाव आहे, दुसऱ्यावर सासरचं. वय कुठे 52, कुठे 58. तपासणीसाठी गाठीचा तुकडा दोनदा काढावा लागला, कारण पहिला रिपोर्ट पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोचलाच नाही. दोन वर्षं दुखणं काढून ती गेली आणि गावच्या दफ्तरात 'अल्पशा आजाराने' एवढंच लागलं. तीन दवाखान्यांत तीन वेगळ्या बायका म्हणून तिची नोंद आहे. कॅन्सरने गेलेली बाई म्हणून ती कुठेच नाही.

अशा पिशव्या तुमच्याही घरात आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

एखाद्या भागात राहणाऱ्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची नोंद ठेवणारी केंद्रं देशात आहेत. 2020 साली त्यांचा जो राष्ट्रीय अहवाल निघाला, त्यात अशी 28 केंद्रं होती. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. नांदेड, लातूर त्यात नव्हते. हैदराबादचं केंद्र होतं, पण अशी नोंदणी फक्त तिथल्या रहिवाशांची होते. उपचाराला गेलेला आपला माणूस तिथे बाहेरगावचा म्हणून वगळला जातो, आणि इकडे तो मोजला जात नाही.

मोजल्याने काय होतं, हे बघायला लांब जायची गरज नाही. बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परंडा आणि भूम हे आपल्या मराठवाड्यातले तालुकेही तिच्यात होते. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांची माणसं गावोगाव जात, लोकांशी बोलत, अंगावरून जाणं, न भरणारी जखम अशा खुणा समजावून सांगत आणि संशय आला की रुग्णाला दवाखान्यात आणत. पुढे काही वर्षांत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असलेल्या बायका आधीच्या टप्प्यातच तपासणीला येऊ लागल्या. हा फरक दिसला, तो नोंद होती म्हणून.

त्याच पायावर 1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. 1982 पर्यंत लातूर याच जिल्ह्यात होतं, म्हणजे ही आपलीच माणसं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचे चार गट केले होते. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या सुमारे 34 हजार बायकांच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. जिथे तपासणी नव्हती, त्या साडेएकतीस हजारांच्या गटात 64. निष्कर्ष 2009 साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभरच्या तज्ज्ञांनी विचारात घेतले. त्याच अभ्यासावर कडक आक्षेपही आला: एका गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं, हे न्याय्य होतं का? मला तो प्रश्न रास्त वाटतो आणि आपणही तो विचारत राहिला पाहिजे. पण नोंदणीत कुणावर प्रयोग होत नाही, कुणाचा उपचार अडत नाही. जे घडलं, ते लिहून ठेवायचं असतं.

नोंदणीत नावाची गरज एवढ्याचसाठी, की माझ्या आईसारखी एक बाई तीनदा मोजली जाऊ नये. एकदा जुळणी झाली की नाव, पत्ता, फोन बाजूला कुलपात राहावेत आणि संशोधकाच्या हाती फक्त वय, आजार, टप्पा, उपचार जावेत. किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांवर तेवढ्यानेही भागणार नाही. चाळीस घरांच्या पाड्यावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची एकच मुलगी असेल, तर गाव आणि वय सांगितलं की नाव सांगितल्यासारखंच झालं. उद्या तिची सोयरीक अडेल. अशा ठिकाणी गाव न देता तालुका द्यावा, नेमकं वय न देता वयोगट द्यावा. संमतीही तिला कळणाऱ्या भाषेत घ्यावी. गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलणाऱ्यांपुढे छापील मराठी कागद ठेवून अंगठा उठवणं ही संमती नव्हे.

ही माहिती विमा कंपनीकडे जाता कामा नये, औषधं विकणाऱ्याकडेही नाही. ज्या संशोधकाला ती हवी, त्याने हेतू लेखी द्यावा, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणावी, आणि काम संपल्यावर काय सापडलं ते आमच्या ग्रामसभेत येऊन सांगावं. नको म्हणण्याचा हक्क रुग्णाकडे राहील. नको म्हटलं म्हणून त्याच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेला विनंती, की दोघांनी मिळून ही नोंदणी उभी करावी. कॅन्सरपासून सुरुवात करा. किडनी, मधुमेह, सिकलसेल पुढे जोडता येतील. नांदेडच्या डॉक्टर लेनमधले आणि लातूरचे खासगी डॉक्टर, पॅथॉलॉजी लॅबवाले, तुमच्या संगणकात जे आहे, त्याशिवाय हे काम अर्धंच राहील. ग्रामसेवकांनो, मृत्यूची नोंद करताना घरच्यांना आजाराचं नाव विचारा, डॉक्टरांचा कागद मागा.

आणि घरच्यांनो, कागद रद्दीत घालू नका. तारखेप्रमाणे लावा, दर वेळी आधार कार्डावरचंच नाव सांगा. नोंदणीचा माणूस दारात आला, तर आधी त्याचं ओळखपत्र बघा, माहिती कुठे जाणार ते विचारा आणि समाधान झालं तर बसवून सगळं सांगा. येत्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव मांडा. आमच्या गावात मी मांडतो आहे, आणि पिवळी पिशवी सोबत नेणार आहे.

आपला,
अहमदपूर तालुक्यातला एक रुग्ण-नातेवाईक