लाल बाजाराचे कागद

१७ जून १८८६ रोजी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या क्वार्टरमास्टर जनरलने छावण्यांना एक परिपत्रक धाडले. पलटणींच्या बाजारात बायका पुरेशा असाव्यात, त्या पुरेशा आकर्षक असाव्यात, त्यांना नीट घरे द्यावीत, असे त्यात बजावले होते. दाणागोटा मागवावा तशा बायका मागवल्या होत्या, सही-शिक्क्यानिशी.

सणाच्या अंकाची सुरुवात या कागदाने का? लष्कराच्या शौर्यावर आपले दिवाळी अंक दरवर्षी लिहितात आणि ते लिहावेच. छावणीच्या कडेला राहिलेल्या या बायकांना मात्र त्यात कधी जागा मिळाली नाही.

लाल बाजारातल्या चकल्यात, म्हणजे छावणीच्या वेश्यागृहात, राहणाऱ्या बाईची नोंद होई, तिला तिकीट मिळे, तिच्यावर चकला सांभाळणाऱ्या महालदारणीची नजर असे. ठरलेल्या दिवशी सक्तीची तपासणी. गुप्तरोग आढळला की तिला लॉक हॉस्पिटलात कोंडत. तिच्याकडे येणाऱ्या गोऱ्या शिपायावर अशी सक्ती नव्हती. ब्रिटिश पार्लमेंटने १८८८ मध्ये या पद्धतीविरुद्ध ठराव केला. तरी १८९१-९२ च्या सुमारास एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉ. कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रिया लखनौ, मेरठ, अंबाला, पेशावर अशा छावण्यांतून हिंडल्या, चकल्यांत जाऊन बायकांशी बोलल्या, तेव्हा सगळे तसेच चालू होते. माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आधी इन्कार केला. १८९३ मध्ये चौकशी समितीपुढे पुरावा आला, तेव्हा त्यांनी माफी मागितली. ती या दोघींची. चकल्यातल्या बायकांची नव्हे.

गोरे गेले, छावण्या आपल्या झाल्या; बाईची दाद मात्र तशीच अडून राहिली. १५ जुलै २००४ रोजी इम्फाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात बारा मणिपुरी स्त्रिया निषेध म्हणून विवस्त्र उभ्या राहिल्या. आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून नेलेल्या एका तरुणीचा मृतदेह चार दिवसांपूर्वी सापडला होता. ज्या भागात सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा लागू आहे, तिथे जवानावर खटला भरायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. लैंगिक गुन्ह्यांसाठी ही अट काढा, असे स्त्रियांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यांचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले. त्या कायद्यात तो बदल अजून झालेला नाही. अशा बदलाने सैन्याचे मनोबल खचेल, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. इमानाने चाकरी करणाऱ्या जवानाला बलात्काऱ्याच्या पंगतीला बसवणे हाच त्याचा खरा अपमान आहे.

वाचकहो, दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. एक मागणे आहे: संसदेचे अधिवेशन भरण्याआधी आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि ही शिफारस कुठे अडली ते विचारा.