प्रथमोपचार कुणाच्या भाषेत?

कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४, उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. नियम चांगलाच. पण २०१६ साली मित्रीबा येथे ५३.९ अंश नोंदवणारा हा देश. सकाळी दहालाही माणूस कोसळतो. तो बरळू लागला की रुग्णवाहिका बोलवावीच, पण वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन, कव्हरऑल उतरवून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा. मेंदू वाचतो तो याच मिनिटांत.

हे करणार शेजारचा हेल्पर. माझ्या पाहण्यातले प्रशिक्षण मात्र सुपरवायझरला, तेही इंग्रजीत! आपल्यातल्या इंजिनियर-मॅनेजर मंडळींनी कंत्राटातच अट घालावी: हेल्परच्या हिंदी, बंगाली, तेलुगूत, प्रत्यक्ष करून घेतलेला सराव. आणि तो पगारी वेळेत, जेवणाच्या सुट्टीत नव्हे.