तराजू त्यांचा, वजने आपली

‘गुगलवर सर्वांत वर तेच येते’ हे वाक्य आजकाल सुशिक्षित घरांतून प्रमाण म्हणून उच्चारले जाते. औषधाचे दुष्परिणाम असोत, कन्येच्या महाविद्यालयाचे शुल्क असो, की एखाद्या लढाईची तारीख असो. प्रश्न टंकित करावा आणि वरच्या दोन-तीन उत्तरांवर समाधान मानावे, अशी रीत पडून गेली आहे. पूर्वी असा वाद मिटविण्यासाठी कोश उघडला जाई. कोशाच्या संपादकाचे नाव मुखपृष्ठावर असे आणि त्याचे म्हणणे न पटल्यास त्याला पत्रही लिहिता येई. या नव्या कोशाचा संपादक कोण, तो कोणत्या निकषांवर एका पानाला वर आणि दुसऱ्याला तळाशी बसवितो, हे विचारण्याची गरजच आपल्याला भासत नाही. यंत्र आहे, म्हणजे ते निःपक्षपाती असणार, अशी आपली श्रद्धा आहे.

सर्च इंजिनाची जी कथा नेहमी सांगितली जाते ती अशी. १९९८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी विचार केला की, ज्या पानाकडे इतर अनेक पाने दुवे देतात ते पान अधिक भरवशाचे मानावे. प्रत्येक दुवा म्हणजे जणू एक शिफारस. कथा खरी आहे, परंतु अपुरी आहे. दुवे देणारे लोक मूठभर असतात, वाचणारे कोट्यवधी. वाचकाने दहापैकी कोणते उत्तर निवडले, तेथे तो रमला की दोन क्षणांत माघारी फिरला, ही वर्तणूक दुव्यापेक्षा ताजी आणि बोलकी असते. ती ज्याच्या हाती लागते त्याला क्रमवारी लावण्याचे सर्वांत अचूक साधन मिळते.

ही वर्तणूक कोठून टिपली जाते, हे समजण्यासाठी एक भेद लक्षात घ्यावा लागेल, कारण सर्च इंजिन आणि ब्राउझर यांना बहुतेक लोक एकच समजतात. सर्च इंजिन हा ग्रंथालयाच्या खिडकीवरील कारकून होय. आपण कोणते पुस्तक मागितले आणि कोणते उचलले, एवढेच त्याला कळते. ब्राउझर मात्र आपल्याबरोबर घरी येतो. खिडकीवर न जाता शेजाऱ्याकडून आणलेले पुस्तकही त्याला दिसते. कोणते पान किती वेळ उघडे होते, हेही दिसते. खिडकीवरचा कारकून आणि घरी येणारा सोबती हे दोघे एकाच मालकाचे नोकर असतील, तर मालकाला काय काय कळू शकेल, याची कल्पना सुज्ञ वाचकांनी करावी.

मालकाने हे फार लवकर ओळखले. डिसेंबर २००० मध्ये गुगलने इतरांच्या ब्राउझरला जोडता येईल अशी एक पट्टी, टूलबार, फुकट वाटली. उघडलेल्या पानाची प्रतिष्ठा ती हिरव्या रेघेने दाखवी, आणि त्यासाठी त्या पानाचा पत्ता गुगलकडे जाई. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम हा स्वतःचा ब्राउझर आला, तोही फुकट. क्रोमच्या उभारणीची धुरा ज्यांच्याकडे होती ते सुंदर पिचाई पुढे कंपनीचे प्रमुख झाले आणि आपल्याकडे पेढे वाटण्याइतका आनंद झाला. आनंद होण्यास हरकत नाही. परंतु प्रमुख मदुराईत जन्मला म्हणून कंपनी भारतीय होत नाही, एवढे भान त्या आनंदात सुटू नये.

आता २०११ सालचे एक प्रकरण पाहू. मायक्रोसॉफ्टचे ‘बिंग’ आपली उत्तरे चोरते, असा गुगलला संशय आला. सापळा म्हणून गुगलच्या अभियंत्यांनी सुमारे शंभर अर्थहीन अक्षरजुळण्या निवडल्या, ज्या कोणीही कधी शोधणार नाही. आणि प्रत्येकीच्या उत्तरात मुद्दाम एक असंबद्ध पान बसविले. मग वीस अभियंत्यांनी मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर वापरून त्या अक्षरजुळण्या गुगलवर शोधल्या आणि त्या पानांवर क्लिक केले. काही आठवड्यांत त्यांपैकी सात ते नऊ जुळण्यांना तीच असंबद्ध उत्तरे बिंगवर दिसू लागली. वापरकर्ते गुगलवर काय करतात, हे मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर आणि त्याची पट्टी पाहत होती आणि बिंग त्यावरून शिकत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने जाहीर गहजब केला. मायक्रोसॉफ्टचे उत्तर असे होते की, आम्ही हजाराहून अधिक निकष वापरतो. संमती दिलेल्या ग्राहकांची वर्तणूक हा त्यांतील एक.

या भांडणात चोर कोण, हा प्रश्न गौण आहे. ब्राउझरमधून वाहणारी माहिती सर्च इंजिनाला शिकवू शकते, हे त्या दिवशी प्रयोगाने सिद्ध झाले आणि ते सिद्ध करणारे स्वतः गुगलच होते. तथापि, ‘तुम्ही क्रोमची माहिती क्रमवारीसाठी वापरता काय?’ असे विचारले की गुगलचे अधिकारी परिसंवादांतून नकारच देत आले. वाचकांच्या क्लिकांविषयीही अशीच सावध, गोलमाल भाषा असे.

हा पडदा न्यायालयात फाटला. अमेरिकी सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला आणि २०२३ मध्ये त्याची सुनावणी झाली. गुगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी शपथेवर सांगितले की, ‘नॅव्हबूस्ट’ नावाची यंत्रणा वापरकर्त्यांच्या क्लिकांवर चालते आणि तेरा महिन्यांचे क्लिक तिच्यात साठविलेले असतात. पुढे मे २०२४ मध्ये गुगलच्या अंतर्गत तांत्रिक दस्तऐवजांचा मोठा साठा बाहेर आला. त्यात चौदा हजारांहून अधिक नोंदी होत्या. ‘चांगले क्लिक’, ‘वाईट क्लिक’ अशी वर्गवारी तर होतीच. शिवाय एखाद्या संकेतस्थळाला क्रोममधून किती भेटी मिळाल्या याची स्वतंत्र नोंदही होती. दस्तऐवज खरे असल्याचे कंपनीने मान्य केले, मात्र संदर्भ सोडून अर्थ लावू नका, अशी पुस्ती जोडली. नोंद आहे म्हणजे तिला किती वजन दिले जाते हे कळत नाही, हे खरेच आहे. परंतु २०२५ मध्ये त्याच खटल्यात पुढे आलेल्या कागदांत, पानाची लोकप्रियता मोजणारा एक निकष क्रोमची माहिती वापरतो, असा उल्लेख आढळला. आणि एका बाबतीत तर कंपनी उघडच बोलते. पान किती चपळाईने उघडते, उघडताना किती हलते, याची क्रोमच्या वापरकर्त्यांकडून गोळा झालेली मापे २०२१ पासून क्रमवारीत धरली जातात. म्हणजे ‘ब्राउझरची माहिती क्रमवारीत येते का’ हा प्रश्न संपला. किती येते, एवढाच उरला.

येथे कोणी म्हणेल, यात वाईट काय? हजारो लोकांना जे पान उपयोगी पडले ते वर आले तर सर्वांचेच हित नाही का? हा आक्षेप रास्त आहे. वाचकांच्या अनुभवावरून यंत्र सुधारणे हे पाप नव्हे. म्युनिकच्या ‘क्लिक्झ’ नावाच्या जर्मन कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमधूनच पानांची स्वतंत्र सूची उभारली होती. ओळख पटेल असा तपशील वापरकर्त्याच्या संगणकावरच गाळून टाकायचा आणि उरलेले तेवढेच पाठवायचे, अशी तिची पद्धत होती. कंपनी २०२० मध्ये बंद पडली, पण तिचे तंत्र २०२१ मध्ये ‘ब्रेव्ह’ या ब्राउझरच्या कंपनीने विकत घेतले. ब्रेव्हमध्ये ही मदत करायची की नाही, हे वापरकर्ता ठरवितो. न विचारता ती घेतली जात नाही. तेव्हा आक्षेप साधनाला नाही. सांगून मागितलेल्या देणगीत आणि खिसा चाचपून काढलेल्या नाण्यात जो फरक आहे, तो आक्षेपाचा विषय आहे.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा. ज्याच्याकडे क्लिक अधिक त्याची उत्तरे सरस. ज्याची उत्तरे सरस त्याच्याकडे लोक अधिक. आणि लोक अधिक म्हणून पुन्हा क्लिक अधिक. या चक्रात दुसऱ्याला पाय ठेवायला जागा राहू नये म्हणून केवळ २०२१ या एका वर्षात गुगलने फोन आणि ब्राउझर बनविणाऱ्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले. मोबदला एवढाच, की आधीपासून बसविलेले सर्च इंजिन आमचे असावे. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती अमित मेहता यांनी (यांचा जन्म गुजरातेतील पाटणचा) गुगल ही बेकायदा मक्तेदारी असल्याचा निर्णय दिला. त्या निकालपत्रातील एक आकडा डोळे उघडणारा आहे. गुगलकडे तेरा महिन्यांत जेवढी वापरकर्त्यांची माहिती जमते, तेवढी जमविण्यास बिंगला सतरा वर्षांहून अधिक काळ लागेल. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्याची ही गत, तर पुण्यातील चार तरुणांनी सर्च इंजिन काढायचे म्हटले तर त्यांनी किती जन्म थांबावे? बंगळुरूहून २००६ मध्ये ‘गुरुजी’ नावाचे भारतीय सर्च इंजिन निघाले होते. आज त्याचे नावही कोणाला आठवत नाही.

मराठीच्या दृष्टीने हा विषय आणखी निकडीचा आहे. वर्तणुकीवर चालणारी क्रमवारी जेथे विचारणारे दाट तेथे नेमकी, आणि विचारणारे विरळ तेथे आंधळी असते. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नामागे क्लिकांचा डोंगर असतो. ‘विहिरीचे पाणी मचूळ का लागते’ असे मराठीत विचारणारा एकटा पडतो. मराठी विश्वकोशातील तज्ज्ञाने लिहिलेली नोंद आंतरजालावर विनामूल्य आहे. पण ती वर दिसली नाही तर कोणी उघडणार नाही, आणि कोणी उघडली नाही तर ती वर येण्याचे एक कारण कमी होईल. उलट, भडक मथळ्याचे पान एकदा वर गेले की वर असल्यामुळेच उघडले जाते. आपणही घाईत त्यालाच बोट लावतो. ते बोट म्हणजे त्या पानाच्या पारड्यात टाकलेले वजन होय. तराजू त्यांचा असला तरी वजने आपली आहेत, ती या अर्थाने.

अमेरिकेने आपल्यापुरता उपाय केला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायमूर्ती मेहता यांनी क्रोम विकण्याची मागणी फेटाळली, मात्र सूचीचा आणि वापरकर्त्यांच्या वर्तणुकीच्या माहितीचा काही भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावा, असे बजावले. युरोपने २०२२ च्या कायद्यानेच बड्या सर्च इंजिनांवर क्लिकांची माहिती वाजवी अटींवर इतरांना देण्याचे बंधन घातले. आपले काय? स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, फोनमध्ये गुगलचा संच सक्तीने बसविल्याबद्दल १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि अपील लवादाने मार्च २०२३ मध्ये तो कायम केला, हे अभिनंदनीय. परंतु दंड भरल्याने क्लिक परत मिळत नाहीत. डिजिटल स्पर्धेच्या कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये जनतेपुढे आला. २०२५ सरले तरी त्याचा कायदा झाला नाही.

स्वदेशीचा उच्चार करणाऱ्यांनीही येथे आत्मपरीक्षण करावे. केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या ‘उला’ला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. उपक्रम चांगला, कंपनी गुणी. परंतु ‘उला’चा गाभा क्रोमियम हाच, म्हणजे गुगलच्या पुढाकाराने वाढलेला आहे, आणि त्याच्यामागे उभी राहील अशी सर्वंकष भारतीय सूची आपल्याकडे नाही. खिडकी आपली आणि कोठार परक्याचे, अशी ही अवस्था आहे. दक्षिण कोरियाच्या ‘नेव्हर’ने आधी आपल्या भाषेचे सर्च इंजिन रुजविले आणि नंतर २०१७ मध्ये ब्राउझर काढला. हा क्रम आपण ध्यानात घेतला नाही.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे, हे त्या कायद्यातच आहे. तेव्हा ‘आपण पाहिलेल्या पानांची नोंद क्रमवारी ठरविण्यासाठी वापरली जाईल’ हे वाक्य स्वच्छ मराठीत, क्रोम उघडताच दिसले पाहिजे, ही मागणी आपल्या खासदारांकडे आताच नोंदविता येईल. कंपनी म्हणेल, आम्ही माहितीची सरमिसळ करतो, मग ती व्यक्तिगत उरत नाही. येथेच खरी मेख आहे. सरमिसळ झालेली माहिती कोणा एकाची नसते, म्हणजे ती सर्वांची असते. क्रिस गोपालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये नेमके हेच सुचविले होते की, अव्यक्तिगत माहितीवर समाजाचाही हक्क मानावा. त्या अहवालातून कायदा निघाला नाही. तो अहवाल पुन्हा चर्चेला घ्यावा, आणि भारतीयांच्या क्लिकांचा वाटा भारतीय भाषांची सूची उभारणाऱ्या संस्थांना वाजवी अटींवर मिळावा.

दरम्यान, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गुगलच्या सेवांविषयीच्या भागात, आपण भेट दिलेल्या पानांचे पत्ते गुगलला पाठविण्याचा एक खटका आहे. घरातील संगणकावर आणि प्रत्येक फोनवर तो चालू आहे की बंद, आणि चालू असल्यास तो कोणी चालू केला, हे आज संध्याकाळीच पाहता येईल.